चार नावं राहिली होती

प्रिय मुकादम,

हे नाव वाचून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. सहा वर्षांचा होतास तेव्हा गल्लीतल्या सगळ्या पोरांना रांगेत उभं करून कोण पुढे, कोण मागे ते ठरवायचास, म्हणून तुझ्या बाबांनी हे नाव ठेवलं. पुढे तू खरंच लोकांना रांगेत उभं करायच्या नोकरीला लागलास. वर्दीवरच्या पट्टीतलं नाव माझ्या हाताने लिहवत नाही, म्हणून हेच लिहिते. पाच आठवडे झाले, तू घरी आला नाहीस. सूनबाई दर रविवारी छकुलीला घेऊन येते, "त्यांना ड्यूटी आहे" म्हणते आणि माझ्याकडे न बघता भांडी घासायला लागते. गुणाची पोर आहे, तिला खोटं बोलता येत नाही. आज तिला बोलावून हे पत्र तिच्याच हाती देणार आहे. वकीलीणबाई म्हणाल्या, आरोपीने साक्षीदाराला पत्र लिहू नये, अंगाशी येतं. मी म्हटलं, साक्षीदाराला कुठे लिहितेय, पोटच्या पोराला लिहितेय, आणि वाटलं तर त्याने ते खुशाल न्यायाधीशांना वाचून दाखवावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि दुसरीच फाईल उघडली.

बाबा बरे आहेत. गुडघा कुरकुरतो, तेही कुरकुरतात, दोघांचं छान जमतं. मला कारखान्याने केसचा निकाल लागेपर्यंत घरी बसायला सांगितलंय. एकतीस वर्षांत एवढे दिवस सलग घरी मी फक्त तुझ्या जन्माच्या वेळी होते. सकाळी आठ वाजले की कुलपं तपासणारे हात आपोआप हलायला लागतात. काल बाबांच्या पेटीचं कुलूप उगाचच वीस वेळा उघडलं आणि लावलं. ते म्हणाले, "पास झालं का गं?" मी म्हटलं, "कडी थोडी ढिली आहे." मग दोघंही हसलो. 

हे सगळं सुरू कसं झालं ते तू कधी नीट विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. आपण दोघं फोनवर नुसते भांडलो. आज सांगते. आमच्या पॅकिंग खात्यात दोन वर्षांपूर्वी एक मुलगी लागली. पस्तिशीची आहे, पण माझ्यापुढे मुलगीच. परदेशातून जीव मुठीत घेऊन आलेली. भाषा मोडकीतोडकी, पण पहिल्याच आठवड्यात कुणीतरी शिकवलं आणि ती मला मावशी म्हणायला लागली. गेल्या वर्षी मोठ्या कुलपांची ती भलीमोठी ऑर्डर होती, तळहाताएवढी, जाड कडीची. मीच म्हणाले होते तुला, हात भरून येतात म्हणून. तो माल तिच्याच देशात चालला होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. फोटोत एक निळं दार, दाराला साखळी आणि साखळीत कुलूप. "मावशी, हे आपलंच ना?" तिने विचारलं. आपलंच होतं. मी तपासलेलं की शेजारच्या टेबलावरचं, ते देव जाणे, पण आपल्याच कारखान्याचं होतं. ते दार तिच्या लोकांच्या प्रार्थनाघराचं. तिथलं सरकार त्यांच्या धर्माला धर्मच मानत नाही. शहरातली त्यांची सगळी प्रार्थनाघरं एका आठवड्यात बंद केली. दाराला कुलूप लागल्यावर हे लोक एका धान्याच्या गोदामात जमले आणि तिथे प्रार्थना केली. एवढाच गुन्हा. त्रेचाळीस माणसांना उचललं. प्रार्थना सांगणारे तिचे वडील त्यांतलेच. माणूस सत्तर वर्षांचा, आणि कुठे ठेवलंय ते आजही कुणी सांगत नाही.

तुला ठाऊक आहे, आपल्या आठवड्याच्या प्रार्थनेत शेवटी एक ओळ असते, "ज्यांना एकत्र बसता येत नाही त्यांच्यासाठी." परकर नेसायच्या वयापासून मी ती म्हणत आलेय. डोळे मिटलेले, ओठ हलतायत, आणि अर्धं लक्ष गॅस बंद केला का याच्यात. त्या आठवड्यात ती ओळ आली आणि मी डोळे उघडले. प्रार्थना संपल्यावर मी मास्तरीणबाईंना सगळं सांगितलं. तुला आठवत असतील, आमची प्रार्थना चालवतात त्या, तुला पाढे चुकलास म्हणून त्यांनी एकदा दारात उभं केलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांना परत खाली बसवलं. लोक कुरबुरले. शिंपीदादा म्हणाले, "वाईट वाटतं हो, पण ते काही आपल्यातले नाहीत. आपल्या देवाचं नावसुद्धा घेत नाहीत." मास्तरीणबाई म्हणाल्या, "देव त्यांचा वेगळा असेल. कुलूप आपलं आहे."  तरी साठातले नऊच जण उभे राहिले. शिंपीदादा नववे. का आलात विचारलं, तर म्हणे, झोप लागेना.

मी मालकांकडेही गेले. लपूनछपून काही केलं नाही. त्यांना म्हटलं, त्या मालाला मी हात लावणार नाही, दुसरं काहीही काम द्या. ते म्हणाले, "बाई, कुलूप कुठल्या दाराला लागतं ते बघायला गेलो तर कारखान्यालाच कुलूप लागेल." माणूस वाईट नाही. त्याने मला किल्ल्या घासायच्या खात्यात टाकलं आणि वर बजावलं, बाहेर काय करता ते मला कळता कामा नये.

बाहेर आम्ही एवढंच करायचो. दर बुधवारी कामं सुटल्यावर त्या देशाच्या व्यापार कचेरीसमोर उभं राहायचं आणि ती त्रेचाळीस नावं मोठ्याने वाचायची. घोषणा नाहीत, शिव्याशाप नाहीत. ही कल्पना त्या मुलीचीच. ती म्हणाली, "तुम्ही भांडलात तर ते तिकडे राग काढतील. नुसती नावं घ्या. नाव घेतलेल्या माणसाला गायब करणं जड जातं." ती स्वतः येऊ शकत नव्हती. आई आणि बहीण अजून तिकडेच. म्हणून तिने आम्हांला शिकवलं. आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून पंधरा दिवस ती एकेक नाव म्हणायची आणि मी तिच्यामागून. त्यांच्यात काही अक्षरं घशातून येतात, खाकरल्यासारखी. बाबा बाहेरून ओरडायचे, "पाणी देऊ का?" ती पोट धरून हसायची. एका नावाशी मात्र मी अडखळले तेव्हा ती हसली नाही. माझा हात धरून म्हणाली, "मावशी, हे नीट म्हणा. हे माझ्या बाबांचं आहे." एक्केचाळिसावं. ते मी इतक्या वेळा म्हटलं, की एकदा तुला फोनवर हाक मारताना तेच तोंडात आलं.

पहिल्या बुधवारी काय लाजलो आम्ही! येणारेजाणारे बघतायत, शिंपीदादांनी तोंडापुढे पिशवी धरलेली. तुझे बाबा देवाधर्मात नाहीत, ते समोरच्या फुटपाथवर चहाचा थर्मास घेऊन उभे. पोलिसाने विचारलं, तर म्हणाले, "मी निदर्शनात नाही. मी नवरा आहे." तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक माणूस येऊन उभा राहायला लागला. तो आमचे फोटो काढायचा, एकेकाचा, सावकाश. सहाव्या आठवड्यात त्या मुलीला फोन आला. बाई गडी कोण ते कळेना, पण तिच्या भाषेत. तिची जेवणाची सुट्टी किती वाजता होते, ती कुठल्या बाकावर बसते, सगळं त्या माणसाने तिला सांगितलं आणि फोन ठेवला. ती कारखान्यातल्या संडासात जाऊन ओकली. मी म्हटलं, बास, आता बंद. तुझ्या जिवावर आमचं पुण्य नको. ती दोन दिवस कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि माझ्या टेबलाशी उभी राहून म्हणाली, "थांबू नका मावशी. आता थांबलात तर त्यांना कळेल की असे फोन लागू पडतात." त्याच रात्री तुझा फोन आला होता, आठवतं? खात्यात सगळे टोमणे मारतात म्हणालास. "कुठल्या कोण लोकांसाठी तुझा जीव तुटतो आई, माझ्यासाठी तुटत नाही?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही, नुसता फोन ठेवला. उत्तर नव्हतं म्हणून नाही. तू असं विचारू शकलास याचंच मला इतकं लागलं, की तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि रडून तुझ्याकडून काही कबूल करून घ्यायचं नव्हतं.

मग तो बाराव्या आठवड्याचा बुधवार. तिकडचे मंत्री कचेरीत येणार, म्हणून आदल्या संध्याकाळी आमची परवानगी रद्द झाली. त्याचा कागद भिंतीला चिकटवलेला. आम्ही तो वाचला, हे मी लपवत नाही. मास्तरीणबाईंनी आम्हांला प्रार्थनाघरात बोलावून सांगितलं, "ज्याला घरी राहायचंय त्याने राहावं, कुणी कुणाला विचारणार नाही. मी जाऊन नावं वाचणार आणि परत येणार." नऊच्या नऊ आले. रस्त्याला लोखंडी कठडे लावलेले, पोलिसांची दुहेरी रांग, आणि रांगेत डावीकडून पाचवा तू. मला कुणी सांगितलं नव्हतं. तू मला बघितलंस आणि नजर सरळ समोरच्या भिंतीवर लावलीस.  त्या दिवशी वाचायची पाळी माझी होती. मी कोपऱ्यातल्या खांबाशी पायरीवर उभी राहून सुरुवात केली. विसाव्या नावापाशी गाड्यांचे भोंगे ऐकू यायला लागले. पस्तिसाव्याला तुमच्या कर्ण्यावरून हुकूम झाला, जागा रिकामी करा. मग परत झाला. बाकीच्यांना तुमच्या लोकांनी धरून पलीकडे नेलं, मास्तरीणबाईंना तर जवळजवळ उचलूनच. शिंपीदादा ढकलाढकलीत पडले, कठडा त्यांच्या मनगटावर आला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुईदोऱ्याचा हात तो. तरी मी वाचत होते. मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्या पोरीचा बाप अजून यायचा होता, त्याला कागदावर सोडून कशी जाऊ?

आणि तू आलास. बाहेरच्या कुणाला दिसलं नाही, पण आपल्याला दोघांना माहीत आहे काय झालं. तू माझं कोपर धरलंस आणि हळूच म्हणालास, "आई, चल. ऐकलंस ना काय सांगितलं?" मी म्हटलं, "ऐकलं. चार राहिलीत." मागून तुझे साहेब ओरडत होते, उचला तिला. तू ओढलं नाहीस. तुझा हात माझ्या कोपराला होता, पण नुसता होता. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस. मी कागदाची घडी घातली, तेव्हाच तू मला तुमच्या गाडीकडे नेलंस. मंत्र्यांची गाडी तोवर कोपऱ्यावर थांबून होती. तुला वाटत असेल, आईने मला चारचौघांत खाली बघायला लावलं. तुझी आई तर गाडीत बसून मनात म्हणत होती, माझ्या पोराने मला चार नावं दिली. नोकरी हातात धरून दिली.

जामिनावर सुटले, घरी आले, तू आला नाहीस. मला वाटलं रागावला आहेस. मग महिन्याभराने वकीलीणबाईंनी कागदपत्रं आणली आणि तुझा जबाब वाचून दाखवला. कर्णा बिघडलेला होता, नुसती खरखर येत होती, त्यामुळे आरोपी बाईंना हुकूम ऐकू येणं शक्य नव्हतं. सही तुझी. वकीलीणबाई खूश. म्हणाल्या, सरकारी साक्षीदारच असं म्हणतोय, आता केस उभीच राहत नाही, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत आत जावं लागलं असतं. बाबांनी देवाधर्मात नसूनही हात जोडले. मी काय केलं विचारशील, तर मीही सुटकेचा श्वास टाकला. खोटं कशाला बोलू? मला तुरुंगाची भीती वाटते रे. लोकांसमोर कपडे बदलायची, दार बाहेरून लागायची. तू मला वाचवलंस, आणि मी वाचायला तयार झाले. चार दिवस छान जेवले. पाचव्या दिवशी, गेल्या गुरुवारी, दुपारी एक बाई दारात आली. पन्नाशीची, हातात पर्स घट्ट धरलेली. कर्णा ज्यांच्या हातात होता त्या हवालदारांची बायको. मंत्र्यांची गाडी अडली, वरच्यांना कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं होतं, आणि तुझ्या जबाबाने त्यांना आयतं डोकं मिळालं. यंत्र न तपासता नेलं म्हणून त्यांना कामावरून बाजूला केलंय. निवृत्तीला चार महिने राहिलेत. ती म्हणाली, "ताई, आमचे हे शपथ घेऊन सांगतात की कर्णा चालू होता. घरात बोलत नाहीत, जेवत नाहीत. तुम्ही तिथेच होता. तुम्हांला ऐकू आलं होतं का?" अरे, एवढा साधा प्रश्न. त्रेचाळीस परक्या माणसांची नावं रस्त्यावर उभी राहून घेणारी मी, माझ्याच घरात एका बाईला एक शब्द सांगू शकले नाही. मी म्हटलं, "बसा, चहा टाकते." ती बसली नाही. माझ्या तोंडाकडे बघून तिला काय कळायचं ते कळलं. जिना उतरताना तिने मागे वळून बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता.

परवा पॅकिंगची ती मुलगी येऊन गेली. तिच्या बहिणीला निरोप मिळालाय की बाप महिन्यापूर्वी जिवंत होता, दुसऱ्या तुरुंगात हलवलाय. आमच्या वाचण्याने हलवला की वाचण्याची शिक्षा म्हणून हलवला, कुणालाच माहीत नाही. मी तिला ती हवालदारीणबाईंची गोष्ट सांगितली. मला वाटलं ती म्हणेल, मावशी, तुम्ही बाहेर राहा, आम्हांला तुमची गरज आहे.  ती म्हणाली, तिच्या बापाला पोलिसांनी एक कागद दिला होता. मी प्रार्थनेला गेलो नव्हतो, धान्य आणायला गेलो होतो, एवढं लिही आणि घरी जा. आईने पाय धरले. त्यांनी लिहिलं नाही. "मला फार राग आला होता त्यांचा," ती म्हणाली. "अजून येतो." एवढंच. मला काय करा ते तिने सांगितलं नाही.

तर आता कामाचं. काल सकाळी मी वकीलीणबाईंकडे जाऊन माझा जबाब लिहून दिला. त्यात आहे: कर्णा चालू होता, हुकूम दोनदा झाला, मला शब्दन् शब्द ऐकू आला, आणि मी माझ्या मनाने तिथेच उभी राहिले. त्या चिडल्या, मग नाक पुसत टाईप करायला बसल्या. सोमवारी साडेअकराला मी तो कोर्टात वाचणार, आणि त्या क्षणी तुझा जबाब खोटा ठरणार. मी कबूल केलं म्हणून तू पकडला जावास, हे मला सहन होणार नाही, म्हणून हे पत्र. तुझ्याकडे शनिवार आणि रविवार आहे. वकीलीणबाई म्हणतात, आधी स्वतःहून साहेबांकडे जाऊन जबाब बदललास तर ठपका येईल, बढती जाईल, पण वर्दी राहील. कोर्टात खोटा पडलास तर तीही नाही. आईला वाचवायला बोललो, असं सरळ सांग, त्यात लाज कसली. आणि त्या हवालदारांच्या घरी आधी जा, साहेबांकडे नंतर. मी आज संध्याकाळी जातेय, माझं मी सांगेन, तुझं तू सांग. माझी काळजी करू नकोस. मास्तरीणबाईंनी बाबांचा डबा लावून दिलाय, बुधवारी नावं वाचायला शिंपीदादा आहेत, डाव्या हातात कागद धरून. फोनवर विचारलं होतंस ना, माझ्यासाठी जीव तुटत नाही का? हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिलंय, त्यातच उत्तर समज. सोमवारी साक्षीला उभा राहशील तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. न्यायाधीशांकडे बघ आणि मोठ्याने बोल. मी मागच्या बाकावरून तुझ्याकडे बघत असेन.

कुठेही असले तरी तुझीच,
आई